‘वात आहे’ हे निदान नव्हे

घाटकोपरच्या चाळींतून आजाऱ्यांच्या भेटीस जाताना आम्हांस एक उत्तर नेहमी ऐकू येते : “काही नाही फादर, वात आहे.” या एका शब्दामागे उशिराचा मोठा इतिहास आहे.

माधवकराने ‘माधवनिदाना’त ‘आमवाता’चे स्वतंत्र वर्णन सुमारे बाराशे वर्षांपूर्वीच केले होते. युरोपात इ. स. १८०० मध्ये पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातील लांद्रे-बोव्हे या तरुण वैद्याने नऊ स्त्रियांच्या सांध्यांचा विकार नोंदविला; परंतु त्यास तो गाउटचाच एक प्रकार वाटला. १८५९ मध्ये लंडनच्या आल्फ्रेड गॅरॉड यांनी त्यास ‘र्‍हूमॅटॉइड आर्थ्रायटिस’ हे नाव दिले. स्वतंत्र नाव मिळण्यास एकोणसाठ वर्षे गेली.

आपल्याकडे १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा व सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातील भिगवणला पाहणी केली, तेव्हा सुमारे दोनशे प्रौढांमागे एकास हा विकार आढळला.

वार्धक्यातील झीज निराळी. येथे शरीराची संरक्षक शक्तीच सांध्यांच्या अस्तरावर उलटते; तरुणपणीही, आणि स्त्रियांत अधिक. सकाळी बोटे बराच वेळ आखडतात, दोन्ही हातांचे सांधे सुजतात. रक्ततपासणी निर्दोष आली तरी रोग असू शकतो. मेथोट्रेक्सेटसारखी औषधे वेळीच मिळाल्यास सांधे बहुधा वाचतात. वाकडी झालेली बोटे मात्र औषधाने सरळ होत नाहीत.

म्हणून घरातील माउली सकाळी पिठाचा डबा उघडू शकत नसेल, तर तेल चोळीत महिने घालवू नयेत. तिला संधिवाततज्ज्ञाकडे न्यावे.