सर जमशेटजी जिजीभाई यांचें चित्र व त्यांतील दुसरा पुरुष

एकोणिसाव्या शतकांतील मुंबईच्या व्यापाऱ्यांचीं जीं चित्रें आज माहीत आहेत, त्यांपैकीं सर जमशेटजी जिजीभाई यांचें एका चिनी मनुष्यासह काढलेलें चित्र अभ्यासकांच्या विशेष परिचयाचें आहे. पांढऱ्या पारशी पोषाखांतील शेटजी बसलेले असून जवळ तो चिनी पुरुष आहे. व्यापाऱ्यानें सहकुटुंब चित्र काढवून घ्यावें, ही रीति त्या काळीं युरोपांत रूढ होती. येथें मात्र पत्नी नाहीं, पुत्र नाहींत. त्यांच्या जागीं हा परदेशस्थ. हें चित्र कोणाच्या हातचें व त्यांत हा मनुष्य कां, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखांत केला आहे.

चित्राखालीं पुष्कळदां जॉर्ज चिनरी या इंग्रज चित्रकाराचें नांव छापलेलें आढळतें. तें आम्हांस विचारान्तीं ग्राह्य वाटत नाहीं. शेटजींचा जन्म १७८३ सालचा. चीनची शेवटची सफर आटोपून ते १८०७ सालीं मुंबईस परतले, तेव्हां त्यांचें वय अवघें चोवीस वर्षांचें होतें. चित्रांतील पुरुष तर स्पष्टपणें प्रौढ आहे. उलट चिनरी हा १८०२ पासून मद्रासेंत व पुढें बंगाल्यांत राहून १८२५ सालीं मकाव येथें गेला व १८५२ सालीं तेथेंच वारला. तेव्हां शेटजी चीनमध्यें त्याच्यासमोर बसले, असें मानण्यास कालगणना आड येते. कँटन येथील चिनी चित्रकार परदेशी व्यापाऱ्यांसाठीं पाश्चात्त्य धर्तीचीं तैलचित्रें काढीत व लहान प्रतिमेवरून मोठें चित्रही करून देत, हें प्रसिद्धच आहे. या चित्राचा कर्ता त्या वर्गांत शोधणें अधिक सयुक्तिक होय.

येथें आणखी एक सावधगिरी सांगितली पाहिजे. १८६० च्या कायद्यान्वयें या घराण्यांतील प्रत्येक बॅरोनेटानें स्वतःचें नांव टाकून ‘जमशेटजी जिजीभाई’ हेंच नांव धारण करावयाचें ठरलें. ज्येष्ठ पुत्र खरशेटजी हे त्यामुळें दुसरे सर जमशेटजी झाले. सारांश, केवळ नांवाच्या पाटीवरून चित्र बापाचें कीं मुलाचें कीं नातवाचें, हा निर्णय करूं नये.

आतां दुसऱ्या पुरुषाकडे वळूं. त्यास कोणी चिटणीस म्हणतात, कोणी चाकर. तो कोणीही असो, शेटजींची संपत्ति कोठून आली हें तो सांगतो. १८०५ सालीं ‘ब्रन्स्विक’ जहाज फ्रेंचांनीं पकडलें, त्या वेळीं त्यावर शेटजींबरोबर विल्यम जार्डिन हा डॉक्टर होता. तीच ओळख पुढें जार्डिन-मॅथेसन पेढीशीं चाललेल्या मोठ्या व्यवहाराचें मूळ ठरली. मोतीचंद अमीचंद, महंमद अली रोगे व गोंवेकर रोजेरिओ द फारिया हे शेटजींचे भागीदार होते. कापसाबरोबर माळव्याची अफू चीनला जात असे. आणि माळवा म्हणजे मुख्यतः शिंदे-होळकरांचा मुलूख. कंपनीचे निर्बंध चुकविण्यासाठीं ती पोर्तुगीजांच्या दमणमार्गें नेली जाई. म्हणजे मराठी संस्थानांतील शेतकरी व सावकार हेही या चित्राच्या चौकटीबाहेर उभे आहेत. १८३९ सालीं लिन झशू यानें कँटनजवळ वीस हजारांवर अफूच्या पेट्या नष्ट केल्या. त्यांतून उद्‌भवलेलें युद्ध १८४२ सालीं संपलें; त्याच वर्षीं शेटजी ‘सर’ झाले.

चित्रांत नसलेलें कुटुंब इतरत्र शोधावें लागतें. १८३६ पर्यंत तिन्ही पुत्र पेढींत दाखल झाले होते. पत्नी अवाबाई या शेटजींच्या मामांच्या, फ्रामजी नसरवानजी बाटलीवाला यांच्या, कन्या. माहीम व वांद्रें यांमधील खाडी होडीनें ओलांडतांना माणसें बुडत. सरकार पैसा देईना, तेव्हां अवाबाईंनीं दीड लक्षांहून अधिक रुपये दिले व १८४५ सालीं रस्ता खुला झाला. ‘लेडी जमशेटजी’ हें नांव आजही तिकडील रस्त्यास आहे. पतीच्या नांवाआड का होईना, त्यांची स्मृति राहिली. चिनी पुरुषाचें मात्र नांवही उरलें नाहीं.

रुग्णालय, चित्रशाळा व रस्ता हीं शेटजींच्या घराचीं उपकारकृत्यें मुंबई विसरणार नाहीं, विसरूंही नये. परंतु त्यांचा पैसा कोणत्या व्यापारांतून आला, हें झांकणें इतिहासाचें काम नव्हे. या चित्रानें तें झांकलेलें नाहीं. म्हणून तें पुन्हा छापतांना चिनरीचें नांव संशयचिन्हाशिवाय घालूं नये व दुसऱ्या पुरुषास कापून एकट्या शेटजींचा मुखवटा काढूं नये, एवढीच आमची प्रकाशकांस विनंति आहे.