जागविणाऱ्याला कोण जागविणार?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आईच्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली होती आणि दर चार तासांनी औषधाचे थेंब घालावयाचे होते. मी दिवसभर संगणकापुढे बसणारा माणूस. तेव्हा वेळेची आठवण देणारा एक लहानसा प्रोग्रॅम त्यात घालून ठेवला. दोन दिवस त्याने इमानाने हाक दिली. तिसऱ्या दिवशी पहाटे वीज गेली. सकाळी संगणक पुन्हा सुरू करून मी कामात बुडालो, तो दुपारी तीन वाजता आईने आतून विचारले, “अरे, आज थेंब नाहीत का?” दोन वेळा चुकल्या होत्या! प्रोग्रॅमचा काही दोष नव्हता. वीज आल्यावर त्याला कोणी उठविलेच नव्हते.

पुढे काही बिघडले नाही, हे आईचे नशीब. पण त्या दिवशी मला लीलावतीची आठवण झाली. भास्कराचार्यांच्या ग्रंथाचे फैजीने 1587 साली फारसीत भाषांतर केले, त्यात ती दंतकथा येते. कन्येच्या विवाहाचा मुहूर्त साधण्यासाठी आचार्यांनी घटिकापात्र पाण्यावर सोडले. लीलावती कुतूहलाने वाकली, अलंकारातला मोती पात्रात पडला, छिद्र बुजले आणि पात्र बुडेचना. मुहूर्त टळून गेला तरी मंडळी आपली वाट पाहातच राहिली! कथा खरी असो वा नसो, तिच्यातले मर्म खरे आहे. यंत्र बंद पडले, हे यंत्र स्वतः कधी सांगत नाही. न वाजलेली घंटा कोणाला ऐकू यावी?

म्हणूनच जुन्या काळी घटिकापात्राशेजारी माणूस बसवीत. चोवीस मिनिटांनी पात्र बुडाले की त्याने तास ठोकावयाचा आणि पात्र रिकामे करून पुन्हा सोडावयाचे. पण त्या माणसालाच डुलकी लागली तर?

संगणकवाल्यांनी हा प्रश्न कसा सोडविला, त्याचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. अमेरिकेतील एमआयटी ह्या संस्थेत 1963 च्या सुमारास, पडद्याआड गुपचूप राबणाऱ्या प्रोग्रॅमांना ‘डेमन’ हे नाव पडले. मॅक्सवेल ह्या शास्त्रज्ञाने एका विचारप्रयोगात कल्पिलेला, अणुरेणूंची अखंड निवड करणारा राक्षस त्या नावामागे आहे. पुढे बेल लॅबोरेटरीजने 1979 साली युनिक्सची सातवी आवृत्ती काढली. तीत ‘क्रॉन’ नावाचा असाच एक पहारेकरी होता. तो दर मिनिटाला जागा होई, यादी पाही, वेळ झालेले काम करी आणि पुन्हा झोपे. त्याच्या जोडीला ‘कॅलेंडर’ नावाचा प्रोग्रॅम होता. आपण त्याच नावाच्या वहीत तारखा टिपून ठेवाव्या. तो आजच्या आणि उद्याच्या ओळी काढून दाखवी. शनिवार-रविवार आला की त्याचा ‘उद्या’ सोमवारपर्यंत लांबे! ह्या कॅलेंडरला पहाटे क्रॉन उठवी, आणि क्रॉनला उठवी ते यंत्र सुरू होतानाच चालणारे आज्ञापत्र. साखळीची पहिली कडी अशी यंत्राच्या जन्मालाच बांधलेली होती.

घरगुती संगणक आले तेव्हा मात्र गाडी पुन्हा मागे गेली. 1981 च्या आयबीएम पीसीत, बंद असतानाही चालणारे घड्याळच नव्हते. सुरू झाल्यावर तोच मालकाला विचारी, “आज तारीख काय?” 1984 च्या पीसी-एटीत बॅटरीवरचे घड्याळ आले. ‘ऑटोएक्झेक’ ह्या फाईलीत लिहिलेल्या आज्ञा सुरुवातीलाच आपोआप पाळल्या जात. पुढे मॅकिंटॉशच्या 1991 च्या सिस्टिम सेव्हनने आणि 1992 च्या विंडोज 3.1 ने ह्या कामासाठी वेगळी जागाच दिली. जे तिथे ठेवाल ते आपोआप उठेल.

ती जागा आजच्या संगणकातही आहे. विंडोजमध्ये ‘स्टार्टअप’ फोल्डर, मॅकमध्ये ‘लॉगिन आयटम्स’, लिनक्सच्या बहुतेक डेस्कटॉपांवर ‘ऑटोस्टार्ट’. मालक नाव व परवलीचा शब्द देऊन आत आला, म्हणजे लॉगिन झाले, की तिथली मंडळी कामाला लागतात. माझ्या प्रोग्रॅमचा शॉर्टकट मी त्याच दिवशी स्टार्टअपमध्ये ठेवला. मग बाहेर पडून पुन्हा लॉगिन केले आणि तो खरोखर उठतो की नाही, हे डोळ्यांनी पाहिले. ही परीक्षा कोणी चुकवू नये. आणखी एक. वाटेल ते प्रोग्रॅम तिथे कोंबू नयेत. सगळेच एकदम उठले म्हणजे संगणक सकाळी रेंगाळतो.

मी आईला हा सारा इतिहास सांगितला. ती म्हणाली, “म्हणजे खूणगाठच की रे!” खरेच. आमच्या आजीच्या पदराला गाठ असे. पदर रोज हाताशी येई, म्हणून गाठ दिसे. विसरण्याजोगी गोष्ट न विसरण्याजोगीला बांधावी, एवढेच ते शास्त्र. संगणकवाल्यांनी ती लॉगिनच्या पदराला बांधली.

पण रविवारी मी संगणक उघडतच नाही. तेव्हा पदर नाही आणि गाठही नाही! म्हणून थेंबांच्या वेळा आता स्वयंपाकघरात, चहाच्या डब्यावरही चिकटविल्या आहेत. चहा मात्र आमच्या घरी कोणी विसरत नाही.