परमुलखातली पेढी आणि कायद्याचा माणूस

परमुलखात व्यापार मांडायचा म्हटला की पहिल्याने भांडवलाचा विचार मनात येतो. पण त्याहून अवघड दुसराच प्रश्न असतो. जिथे आपल्याला कुणी ओळखत नाही, तिथे उधार कोण देणार? आणि धंदा बुडालाच, तर आपण कुठवर भरायचे?

१८५५ साली हा प्रश्न दादाभाई नौरोजींपुढे उभा राहिला. वय २९. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक. ती मानाची जागा सोडून ते कामा मंडळींचे भागीदार म्हणून विलायतेस गेले. लंडन व लिव्हरपूल येथली 'कामा आणि कंपनी' ही ब्रिटनमधली पहिली हिंदी पेढी मानली जाते.

नावात 'कंपनी' असली तरी ही होती भागीदारी. भागीदारीत पेढीचे देणे ते भागीदाराचे देणे. तिजोरी रिकामी झाली, तर सावकार थेट तुमच्या घरादारापर्यंत येणार.

त्याच १८५५ साली ब्रिटिश पार्लमेंटने मर्यादित जबाबदारीचा कायदा केला आणि १८५६ साली तो आणखी सोपा केला. सात जणांनी एका लेखावर सह्या करायच्या, सरकारी दफ्तरात नोंद करायची, की झाली कंपनी! सही करणारा इंग्रजच असावा, अशी अट नव्हती. परक्यालाही हे दार उघडे झाले.

आता ही कंपनी म्हणजे काय? ती कायद्याने निर्माण केलेला एक माणूसच म्हणा ना! तिला हाडमांस नाही. पण तिच्या नावावर जमीन चढते, तिच्यावर फिर्याद होते, आणि एखादा भागधारक वारला म्हणून ती मरत नाही. १८९६ साली सॉलोमन नावाच्या चर्मव्यापाऱ्याच्या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने हेच ठाम सांगितले : कंपनी निराळी, मालक निराळा.

पण मर्यादित म्हणजे काहीच भरायचे नाही, असे नव्हे. १८६६ साली लंडनची 'ओव्हरेंड गर्नी' ही पेढी कोसळली. वर्षापूर्वीच ती मर्यादित कंपनी झाली होती. तिचा भाग ५० पौंडांचा. लोकांनी भरले होते १५. उरलेल्या पैशांचा तगादा भागधारकांच्या दारी आला आणि कित्येक घरे हवालदिल झाली.

इकडे दादाभाईंचे काय झाले? कामांची पेढी अफू आणि दारूचाही व्यवहार करी. ते त्यांच्या मनाला पटेना. १८५८ साली ते बाहेर पडले आणि १८५९ साली त्यांनी स्वतःची कापसाची पेढी काढली. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस थांबला आणि वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपताच भाव गडगडले. मुंबईत भल्याभल्यांची दिवाळी निघाली, आणि दादाभाईंच्या पेढीलाही त्याचा तडाखा बसला.

शेतकरी बंधूंनो, ही गोष्ट फक्त विलायतेची नाही. आपल्या देशातही १८५७ सालच्या कायद्याने मर्यादित कंपनी आली आणि १९०४ सालच्या कायद्याने सहकारी पतपेढ्या आल्या. तुमची गावची सोसायटीही असाच कायद्याचा माणूस आहे. तिच्या नावाने कर्ज निघते, तिच्या नावाने गोदाम उभे राहते.

म्हणून सोसायटीत भाग घेताना एवढे विचारून घ्या : आपली जबाबदारी मर्यादित की अमर्यादित? भागाचे पैसे पुरते भरले की काही राहिले? कर्जाला स्वतः जामीन म्हणून सही तर केली नाही ना? जामीन राहिलेल्याला मर्यादेची ढाल उपयोगी पडत नाही.

शिक्षकांनी एखाद्या दिवशी सोसायटीचे नोंदणीपत्र वर्गात आणून मुलांकडून वाचून घ्यावे. इतिहास आणि हिशेब, दोन्ही धडे एकदम होतील.