घर नसलेला कबुतरखाना

'खाना' हा फारसी शब्द. त्याचा अर्थ घर. दवाखाना, कारखाना, तोफखाना अशा शब्दांतून तो मराठीत इतका रुळला, की त्याचे परकेपण कुणाला जाणवत नाही. त्या न्यायाने कबुतरखाना म्हणजे कबुतरांचे घर. पण मुंबईत ज्या जागांना आपण कबुतरखाना म्हणतो, तिथे कबुतर राहत नाही. फक्त जेवायला येते. राहते ते आपल्या खिडकीच्या छज्जावर, एसीच्या खोक्यामागे, जिन्याच्या झरोक्यात. २०२५ साली मुंबईत जो वाद पेटला, त्याचे मूळ मला या बदललेल्या अर्थात दिसते.

जुने कबुतरखाने खरोखर घरे होती. सतराव्या शतकात, सफवी राजवटीत, इराणमधल्या इस्फहान शहराभोवती त्यांचे मोठमोठे मनोरे उभे होते. आतल्या भिंतींना हजारो कोनाडे. कबुतरे दिवसा रानात चरत आणि रात्री मनोऱ्यात परतत. खाली साचलेली विष्ठा शेतकरी काढून नेत आणि खरबुजाच्या मळ्यांना घालत. हे मनोरे त्या खतासाठीच बांधलेले असत.

आपल्याकडे अकबर बादशहाला कबुतरांचा मोठा शौक. या छंदाला त्याने 'इश्कबाजी' असे नाव दिले होते. त्याच्या दरबारी वीस हजारांहून अधिक कबुतरे होती आणि त्यांतली पाचशे खास होती, असे अबुल फज्लने 'आईन-ए-अकबरी'त नोंदवले आहे. इस्फहान असो की आग्रा, पाखराला धनी होता. दाण्याचा हिशेब होता. घाण काढणारे हात होते.

शहरातल्या कबुतराला धनी नाही. आपण ज्याला पारवा म्हणतो, तो मुळात डोंगरकड्याच्या कपारीत राहणारा पक्षी. उंच इमारत ही त्याच्या लेखी कडाच. मादी एका वेळी दोन अंडी घालते. अठरा दिवसांच्या आसपास पिल्ले बाहेर येतात. बहुतेक पाखरांना पिल्लांसाठी किडे शोधावे लागतात. पारव्याचे नर-मादी मात्र आपल्या गळ्यातल्या पिशवीत दुधासारखा पदार्थ तयार करून पिल्लांना भरवतात. त्यामुळे दाणा मिळत राहिला, की वीण जवळजवळ वर्षभर चालते. म्हणजे त्यांची संख्या ठरते ती दाण्याच्या मुठीवर.

ही मूठ श्रद्धेची असते. जैन समाजात ती जीवदया, हिंदू घरांत पुण्य, आमच्याकडे सवाब. मक्केच्या हरमची कबुतरे कुणी मारत नाही. दादरचा कबुतरखाना १९३३ साली बांधला गेला तो पाण्याचे कारंजे म्हणून. पुढे तिथे दाणा पडू लागला. त्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता.

पण शरीर हेतू विचारत नाही. कबुतरांच्या घरट्यांत आणि विष्ठेत क्रिप्टोकोकस नावाची बुरशी असते, हे अमेरिकेत १९५५ साली नोंदले गेले. प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या माणसाच्या फुप्फुसांत, मेंदूच्या आवरणात ती शिरू शकते. १९६५ साली कबुतरे पाळणाऱ्यांच्या फुप्फुसाचा एक वेगळाच आजार वैद्यकीय नियतकालिकात वर्णन झाला. हा संसर्ग नव्हे. पिसांची भुकटी आणि वाळलेली विष्ठा श्वासावाटे जाते आणि काहींचे शरीर त्यांतल्या प्रथिनांविरुद्ध उठते. कोरडा खोकला येतो, जिना चढताना दम लागतो. संपर्क वर्षानुवर्षे राहिला तर फुप्फुसावर व्रण धरतात आणि ते भरून येत नाहीत. हा आजार सर्वांना होत नाही. पण होणाऱ्याला तो उशिरा कळतो. भारतातल्या १,०८४ फुप्फुसरुग्णांची नोंद २०१७ साली प्रसिद्ध झाली. त्यांतल्या सुमारे ४७ टक्के रुग्णांना या जातीचा आजार होता. खापर एकट्या कबुतरावर फोडता येणार नाही, कारण त्या नोंदीत एअर कूलरचा वाटा मोठा होता. मात्र कारणांत पक्षीही होते.

मग उपाय काय? मारणे हा नव्हे. स्वित्झर्लंडच्या बासेल शहरात १९६१ ते १९८५ या काळात सुमारे एक लाख कबुतरे मारली गेली, तरी थवे तेवढेच राहिले. १९८८पासून दाणा न टाकण्याविषयी लोकांना समजावणे सुरू झाले आणि चार वर्षांत संख्या जवळजवळ निम्म्यावर आली. लंडनच्या ट्राफल्गार चौकात २००३ साली दाणा टाकण्यावर बंदी आली. व्हेनिसच्या सेंट मार्क चौकातली दाणेविक्री २००८ साली थांबली.

मुंबईतले ५१ कबुतरखाने बंद करण्याची घोषणा जुलै २०२५मध्ये विधान परिषदेत झाली. उच्च न्यायालयाने दाणा टाकणाऱ्यांवर गुन्हे नोंदवायला सांगितले. ऑगस्टमध्ये दादरच्या कबुतरखान्यावरची ताडपत्री लोकांनी फाडली. पुढे वस्तीपासून दूर अशा चार जागी सकाळी दोन तास दाणा टाकण्याची तात्पुरती परवानगी मिळाली. बासेलला जे समजावून साधले, ते आपल्याकडे आधी ताडपत्रीने करून पाहिले गेले. लोक चिडले, यात नवल नाही.

घरापुरते करण्यासारखे पुष्कळ आहे. छज्जे आणि डक्ट यांना जाळी लावावी; आत घरटे वा पिल्लू अडकलेले नाही, एवढे आधी पाहावे. कबुतर बसू नये म्हणून सपाट कठड्याला तिरपा उतार द्यावा. वाळलेली विष्ठा झाडूने कधीही झाडू नये, कारण धूळ तेव्हाच उडते. ती पाण्याने भिजवावी, तोंडाला मास्क आणि हातांत मोजे घालून काढावी. घरात दमेकरी असेल तर हे काम त्याला देऊ नये.

राहिला प्रश्न पुण्याचा. वाटेतली इजा करणारी वस्तू दूर करणे हाही सदका, म्हणजे दानच, अशी शिकवण आम्हाला लहानपणापासून मिळते. प्रत्येक धर्मात ती कुठल्या ना कुठल्या शब्दांत सापडेल. पाखराला पंख आहेत. दाणा कमी झाला तर ते रान शोधू शकते. पण आपल्या खिडकीखालच्या मजल्यावर खोकणाऱ्या म्हाताऱ्या बाईला दुसरे घर शोधता येत नाही. मूठ उघडण्यापूर्वी एकदा तिचा खोकला ऐकावा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)