पानिपतचे संग्रहालय : जिथे रणांगण दिसत नाही

#धागा #पानिपत #इतिहास

पानिपतला जाणाऱ्या मराठी माणसाच्या मनात एकच तारीख असते : १४ जानेवारी १७६१. पानिपत गावाजवळ मात्र एकाच परिसरात तीन निर्णायक लढाया झाल्या. २१ एप्रिल १५२६, ५ नोव्हेंबर १५५६ आणि आपली ती तिसरी. तेथील संग्रहालय या तिन्ही लढायांचे आहे आणि त्याखेरीज ते हरियाणाच्या त्या भागाचेही आहे. तेथे जुन्या मूर्ती आहेत, शिलालेख आहेत, नाणी, मातीची भांडी, शस्त्रे, नकाशे आणि स्थानिक हस्तकला आहेत. भाऊसाहेबांची तलवार पाहण्याच्या अपेक्षेने आत शिरलेल्या माणसाला एखाद्या मडक्यासमोर उभे राहावे लागते, आणि पुष्कळांची तेथेच निराशा होते.

ही निराशा समजून घेण्यासारखी आहे. तिच्यामागे एक साधा प्रश्न आहे : एवढी मोठी लढाई झाली, मग तिच्या वस्तू गेल्या कुठे?

उत्तर फारसे सुखद नाही. रणांगणावर काही शिल्लक राहत नाही, कारण तेथे काही शिल्लक ठेवले जात नाही. जेत्याचे सैन्य तोफा, घोडे, उंट, तंबू, दागिने, कापडचोपड सारे उचलून नेते. त्याने मागे टाकलेले आसपासच्या गावांतले लोक गोळा करतात. लोखंड महाग होते. मोडक्या तलवारीचा विळा होतो, भाल्याच्या फाळाचा खुरपा होतो. त्यानंतर अडीचशेहून अधिक वर्षे त्या जमिनीवर नांगर फिरला आहे. म्हणून पानिपतच्या संग्रहालयात युद्धाचा मोठा भाग चित्रांतून, नकाशांतून आणि छायाचित्रांतून सांगितलेला आहे. मूळ चित्रे दूरदेशी आहेत. बाबराच्या आत्मचरित्रातील पानिपतची जी प्रसंगचित्रे सर्वत्र छापली जातात, ती अकबराच्या चित्रशाळेत, लढाईनंतर साठ-सत्तर वर्षांनी रंगवलेली आहेत. त्या चित्रकारांपैकी कोणी ती लढाई पाहिलेली असण्याचा संभव जवळजवळ नाही. तिसऱ्या लढाईचे १७७०च्या सुमारास फैजाबाद शैलीत काढलेले एक प्रसिद्ध चित्र लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. फैजाबाद म्हणजे शुजाउद्दौल्याचा मुलूख. अर्थात ते जिंकलेल्या पक्षाकडून काढलेले चित्र आहे. चित्र पाहताना ते कोणाच्या दरबारात काढले गेले हे विचारण्याची सवय लागली, तर संग्रहालयातील अर्धा फेरा तेथेच सार्थकी लागतो.

या साऱ्या दालनांत नकाशाला मात्र सर्वांत जास्त वेळ द्यावा. लोक नेमके तेथूनच भराभर पुढे सरकतात.

पानिपत दिल्लीच्या उत्तरेस सुमारे ९० किलोमीटरवर आहे. पूर्वेला यमुना, पश्चिमेला हळूहळू कोरड्या होत जाणाऱ्या प्रदेशाची सुरुवात, आणि मधून वायव्येकडून दिल्लीकडे येणारा हमरस्ता. काबूल, पेशावर, लाहोर, सरहिंद या मार्गाने येणाऱ्या सैन्याला पाणी आणि चारा याच पट्ट्यात मिळे. दिल्लीहून त्याला अडवायला निघालेले सैन्यही याच पट्ट्यात येऊन थांबे. त्यामुळे एकट्या पानिपतचे नशीब खोटे होते असे नव्हे. ११९१ आणि ११९२ साली पृथ्वीराज चौहान आणि महंमद घोरी यांच्या लढाया झाल्या ते तराईन याच वाटेवर. १७३९ साली नादिरशहाने मोगल बादशहाचा पराभव केला ते कर्नाल याच वाटेवर. आणि महाभारताचे कुरुक्षेत्रही फार दूर नाही. भूगोल माणसाला फार थोडे पर्याय देतो, हे हा नकाशा एका दृष्टिक्षेपात दाखवतो.

पहिल्या लढाईत बाबराजवळ सुमारे १२,००० माणसे होती. इब्राहिम लोदीकडे एक लाख फौज व एक हजार हत्ती असल्याचे बाबर लिहितो, आणि जेता शत्रूचा आकडा कमी सांगत नाही हे येथे ध्यानात ठेवावे. बाबराने सुमारे ७०० गाडे कातड्याच्या दोरांनी एकमेकांना बांधून त्यांच्या आड बंदूकवाले उभे केले, दोन्ही बाजूंनी घोडदळ फिरवून लोदीच्या फौजेला घेरले आणि दुपारपर्यंत लढाई संपवली. इब्राहिम लोदी रणात पडला. त्याची कबर आजही पानिपत शहरात आहे, साधीसुधी, चौथऱ्यावरची. बाबराने विजयानंतर बांधलेली काबुली बाग मशीदही शहरातच आहे. जेता आणि जित एकाच गावात, चालत जाता येईल एवढ्या अंतरावर. संग्रहालय पाहून झाल्यावर या दोन जागा पाहिल्याशिवाय परतू नये.

दुसऱ्या लढाईबद्दल थोडक्यातच : हेमूचे पारडे जड असताना त्याच्या डोळ्यात बाण घुसला आणि हत्तीवरचा सेनापती दिसेनासा होताच सैन्य फुटले. अकबर तेव्हा नुकताच चौदा वर्षांचा झाला होता; सूत्रे बैरामखानाकडे होती.

आता तिसरी.

तिसरी लढाई एका दिवसात संपली, पण तिची तयारी अडीच महिने चालली होती, आणि ती तयारी म्हणजे उपासमार. ऑक्टोबर १७६०मध्ये मराठ्यांनी कुंजपुरा घेतला. त्याच महिन्याच्या अखेरीस अब्दाली बागपतजवळ यमुना ओलांडून मराठे आणि दिल्ली यांच्या मधोमध येऊन बसला. उत्तरेकडून आलेला आक्रमक दक्षिणेला आणि दक्षिणेकडून आलेले मराठे उत्तरेला, अशी विचित्र स्थिती झाली. भाऊसाहेबांनी पानिपत गावाच्या आश्रयाने छावणी केली आणि भोवती खंदक खणला. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशिराज पंडिताने या खंदकाची रुंदी साठ फूट आणि खोली बारा फूट दिली आहे.

खंदकाच्या आत केवळ लढवय्ये नव्हते. बायका होत्या, मुले होती, तीर्थयात्रेच्या आशेने निघालेले यात्रेकरू होते, वाणी-उदमी, नोकरचाकर, बुणगे होते. लढणाऱ्यांपेक्षा न लढणाऱ्यांची संख्याच मोठी होती. सुरुवातीला रसद येत होती. ७ डिसेंबरच्या चकमकीत बळवंतराव मेहेंदळे पडले. त्याच महिन्यात, रसद तोडण्याच्या आणि पोहोचवण्याच्या कामावर असलेले गोविंदपंत बुंदेले मारले गेले. त्यानंतर छावणीचा श्वास कोंडला. घोडे चाऱ्यावाचून मेले. १४ जानेवारीला पुष्कळ स्वार पायी लढले, त्याचे कारण हे आहे.

पराभवाच्या चर्चेत भाऊंचा स्वभाव, होळकरांचे निघून जाणे, इब्राहिमखान गारद्याची गोलाची रचना हे विषय हमखास निघतात. ते निघावेतच. परंतु संग्रहालयातल्या नकाशावर मराठ्यांची छावणी, अब्दालीची छावणी आणि दिल्लीची वाट या तीन गोष्टी बोटाने जोडून पाहिल्या, की लढाईच्या आधीच काय घडून चुकले होते ते कळते. पोटात अन्न नसलेल्या सैन्याने सकाळपासून दुपारपर्यंत अब्दालीच्या मधल्या फळीला मागे रेटले होते, ही गोष्ट मग अधिकच थक्क करते. दुपारी विश्वासराव गोळी लागून पडले. अब्दालीची राखीव फौज ताज्या दमाची होती. मराठ्यांकडे राखीव असे काही उरलेच नव्हते.

या प्रसंगाभोवती एक गोड गैरसमज आहे, तो येथेच दूर करावा. ‘संक्रांतीच्या दिवशी पानिपत झाले’ असे सर्रास म्हटले जाते. आज संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला येते म्हणून हा हिशेब मांडला जातो. पण संक्रांतीची इंग्रजी तारीख शतकागणिक पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ला झाला, तो दिवस संक्रांतीचा होता. त्याच्या शंभर वर्षे आधी ती आणखी अगोदर येऊन गेलेली असणार. लढाईची तिथी पौष शुद्ध अष्टमी, वार बुधवार.

शहराबाहेर काही किलोमीटरवर ‘काला अंब’ ही जागा आहे. तेथे आता उद्यान आहे आणि इंग्रजी अमदानीत उभारलेला विटांचा स्मृतिस्तंभ आहे. येथे एक जुना आंबा होता. इतके रक्त सांडले की झाडाची पाने आणि फळे काळी पडली, अशी आख्यायिका सांगतात. दुसरे स्पष्टीकरण साधे आहे : झाड जुने, पालवी दाट आणि गर्द, त्यामुळे दुरून काळपट दिसे. दुसरेच खरे असण्याचा संभव अधिक. परंतु पहिले स्पष्टीकरण कोणी रचले असेल याचा विचार केला, तर ते त्या गावातल्या लोकांनी रचले असले पाहिजे. त्यांच्या शेतांत दुसऱ्यांची लढाई झाली, त्यांच्या विहिरी आटल्या, त्यांचे धान्य दोन्ही सैन्यांनी नेले. त्यांची बखर कोणी लिहिली नाही. काळ्या आंब्याची गोष्ट हीच त्यांची बखर.

ते झाड पुढे वाळले. त्याच्या लाकडापासून पंडित सुगनचंद या पानिपतच्या रईस गृहस्थांनी कोरीव दाराची जोडी करून घेतली. ती दारे आज संग्रहालयात आहेत. संपूर्ण संग्रहालयातील ही सर्वांत विलक्षण वस्तू म्हणावी लागेल. ती शस्त्र नाही, तिच्यावर कोणा सरदाराचे नाव नाही, लढाईत तिचा काही उपयोग झाला नव्हता. पण तलवारींचे विळे करणाऱ्या त्याच समाजाने या एका वस्तूच्या बाबतीत ती जपण्याचा निर्णय घेतला. झाड वाळले तेव्हा ते सहज जळणात गेले असते.

माणसांचे जपणे मात्र जमले नाही. भाऊसाहेबांचे शिरावेगळे धड सापडले, नंतर शिर सापडले, शुजाच्या लोकांनी त्यावर अग्निसंस्कार केले, असे काशिराज सांगतो. स्वतः काशिराज आणि अनुपगिर गोसावी या कामात होते. पुण्याला ही हकीगत कागदावरून कळली, डोळ्यांनी कोणी पाहिले नाही. पार्वतीबाईंनी नवऱ्याचा मृत्यू मान्य केलाच नाही. १७८३ साली त्या वारल्या त्या सौभाग्यचिन्हे लेवून. मधल्या काळात भाऊसाहेब असल्याची बतावणी करणारा तोतया उभा राहिला, त्याच्यामागे फौज जमली, किल्ले त्याला मिळाले, आणि अखेर १७७६ साली त्याला मृत्युदंड झाला. ओळख पटलेला देह घरच्यांच्या दृष्टीस न पडणे म्हणजे काय, हे समजायला तोतयाचे प्रकरण पुरे आहे. नाना फडणीस तेव्हा एकोणीस वर्षांचेही नव्हते. ते वाचले, त्यांची पत्नी वाचली, पण आई त्या धामधुमीत गेली. पुढे आत्मचरित्रात त्यांनी हे लिहून ठेवले. पानिपतावरील मराठी साहित्य अफाट आहे, पण त्या मैदानातून स्वतः पळालेल्या तरुणाचे हे काही पानांचे लिखाण आधी वाचावे आणि मग कादंबऱ्यांकडे वळावे.

त्र्यंबक शंकर शेजवलकरांचा इंग्रजी ग्रंथ १९४६ साली आला, मराठी ‘पानिपत : १७६१’ लढाईला दोनशे वर्षे झाली त्या वर्षी. कागदपत्रे आणि भूगोल यांची सांगड घालण्याची त्यांची पद्धत अजून जुनी झालेली नाही. नकाशा समोर ठेवून हा ग्रंथ वाचणे हाच त्याचा खरा उपयोग. अर्थात यमुनेसारखी मैदानी नदी पात्र बदलत असते, त्यामुळे आजच्या नकाशावरील निळी रेघ म्हणजे भाऊसाहेबांची यमुना नव्हे.

मराठी भाषेनेही आपल्या परीने पानिपत जपले आहे. ‘पानिपत होणे’ हा वाक्प्रचार शाळकरी पोर क्रिकेटचा सामना हरल्यावरही वापरते. ‘विश्वास पानिपतावर गेला’ ही कोटी उधारी मागणाऱ्याला ऐकवली जाते. हरियाणात मात्र वेगळ्या आठवणी आहेत. कर्नाल-पानिपत भागातील रोड समाजातील अनेक जण स्वतःला १७६१नंतर तेथेच राहिलेल्या मराठ्यांचे वंशज मानतात आणि दर वर्षी १४ जानेवारीला काला अंब येथे जमतात. समकालीन कागदांतून या वंशपरंपरेला भक्कम आधार अजून मिळालेला नाही, आणि इतिहासाच्या अभ्यासकाने तसे स्पष्ट म्हटले पाहिजे. पण अडीच शतकांनी कोणीतरी पराभूतांशी नाते सांगू पाहते, ही आजची वस्तुस्थिती आहे आणि तिचीही नोंद व्हायला हवी.

संग्रहालयात स्थानिक कारागिरीच्या वस्तू दिसतात तेव्हा पावले जड होतात, कारण ‘लढाई’ संपलेली असते. तेथे थोडे थांबावे. आजचे पानिपत हातमागाचे आणि कापडाचे शहर आहे. १९४७च्या फाळणीत येथील मुसलमान वस्ती जवळजवळ सारी सीमेपलीकडे गेली आणि पश्चिम पंजाबातून उखडलेले विणकर येथे येऊन मागावर बसले. उर्दूतील थोर कवी अल्ताफ हुसेन हाली १८३७ साली याच गावात जन्मले आणि येथेच त्यांची कबर आहे. ती जपायला त्यांच्या गावची जुनी मंडळी मात्र उरली नाहीत. घरातल्या पलंगावरच्या चादरीवर किंवा दिवाणखान्यातल्या सतरंजीवर ‘पानिपत’ असा शिक्का महाराष्ट्रात कित्येकांनी पाहिला असेल. ती विणणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरात आजोबांनी सोडलेल्या गावाची गोष्ट सांगितली जाते; ते गाव आज पाकिस्तानात आहे.