दुसऱ्याच्या रकान्यातली नोंद

अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलच्या नोंदवहीत वाटारू मिसाका या नावापुढे एकच ओळ आहे. संघ न्यूयॉर्क निक्स, हंगाम १९४७-४८, सामने ३, गुण ७. तेरा वेळा बास्केटवर नेम धरला, तीन वेळा चेंडू आत गेला. तीन फ्री थ्रो मिळाले, एक साधला. उंची ५ फूट ७ इंच, वजन १५० पौंड. एवढ्यावर माणूस संपतो.

याच ओळीच्या जोरावर अलीकडे त्याला 'एनबीएमधला पहिला गौरेतर खेळाडू' म्हटलं जातं. ते बरोबरही आहे. तो खेळला तेव्हा त्या लीगचं नाव बीएए होतं. १९४९मध्ये दुसऱ्या एका लीगशी विलीन होऊन तिची एनबीए झाली, आणि एनबीए आपली वंशावळ १९४६पासूनच मोजते. पण हा किताब मला त्या ओळीइतकाच तोकडा वाटतो. 'पहिला' म्हटलं की माणसाचं नाव पाटीवर चढतं आणि तो तिथवर कशाच्या बळावर पोचला हे विचारायचं राहून जातं. तीन सामन्यांत सात गुण करणाऱ्या, संघात सर्वांत बुटक्या ठरेल अशा मुलाला न्यूयॉर्कच्या संघाने घेतलंच कशाला? या प्रश्नाचं उत्तर त्याच्या नावापुढच्या आकड्यांत सापडत नाही. ते शोधायला दुसऱ्यांचे रकाने वाचावे लागतात.

युटा राज्यातलं ऑग्डेन हे रेल्वेचं जंक्शन. पूर्व आणि पश्चिम किनारा जोडणारा लोहमार्ग १८६९मध्ये जवळच प्रॉमंटरीला जुळला आणि गाव वाढलं. स्टेशनासमोरचा पंचविसावा रस्ता दारूचे गुत्ते, जुगार आणि वेश्यावस्तीसाठी बदनाम होता. हिरोशिमाकडून आलेल्या फुसाइची मिसाकाचं केशकर्तनालय याच रस्त्यावर होतं आणि कुटुंब दुकानाच्या तळघरात राहत होतं. २१ डिसेंबर १९२३ रोजी वाटारू जन्मला. पुढे सगळे त्याला वॉट म्हणू लागले. तो पंधरा वर्षांचा असताना वडील वारले. मुलांना घेऊन हिरोशिमाच्या नातेवाइकांकडे परतावं असं आईच्या मनात आलं. वॉटने साफ नकार दिला, तुम्ही जा, मी इथेच राहणार म्हणाला. मग आई राहिली, दुकान तिने चालवलं. १९३९च्या सुमाराची ही गोष्ट. त्यानंतर सहा वर्षांनी हिरोशिमाचं काय झालं ते आपण जाणतो.

१९४०मध्ये ऑग्डेन हायस्कूल राज्य विजेतं झालं, त्यानंतर वीबर कॉलेज १९४२ आणि १९४३ या दोन्ही वर्षी आपल्या गटाची स्पर्धा जिंकलं. तिन्ही संघांत वॉट होता. या दोन तारखांच्या शेजारी आणखी दोन तारखा ठेवायला हव्यात. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी ९०६६ क्रमांकाच्या आदेशावर सही केली आणि पश्चिम किनाऱ्यावरचे सुमारे १,२०,००० जपानी वंशाचे लोक घरंदारं सोडून छावण्यांत गेले. त्यांतले दोन तृतीयांश अमेरिकेचे नागरिक होते. युटा हे राज्य त्या प्रतिबंधित पट्ट्याच्या बाहेर होतं, म्हणून मिसाका कुटुंब घरी राहिलं. पण छावण्यांपैकी एक, टोपाझ, युटाच्याच वाळवंटात उभी राहिली. तिथे ११ एप्रिल १९४३ रोजी जेम्स वाकासा नावाच्या ६३ वर्षांच्या माणसाला कुंपणाजवळ पहारेकऱ्याने गोळी घालून ठार केलं. म्हणजे एकाच राज्यात, एकाच वंशाची दोन माणसं: एक कुंपणाच्या आत, दुसरा कॉलेजच्या संघात गार्ड. फरक फक्त घर कुठे होतं एवढ्याचा.

त्याच वर्षी वॉट अभियांत्रिकी शिकायला युटा विद्यापीठात गेला.

१९४४चा युटाचा संघ हे युद्धकाळाचं अपत्य होतं. मोठी मुलं सैन्यात गेलेली, विद्यापीठाची व्यायामशाळा लष्कराने घेतलेली, नेहमीची विभागीय स्पर्धा बंद. प्रशिक्षक व्हेडाल पीटरसन यांच्या हाती राहिली ती अठरा-एकोणीस वर्षांची आसपासच्या गावांतली पोरं. त्या काळी दोन राष्ट्रीय स्पर्धा असत. एक न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये होणारी एनआयटी, दुसरी एनसीएए. आज एनसीएएचा डंका वाजतो, तेव्हा मान एनआयटीचा होता. दोन्हींचं आमंत्रण असताना युटाने न्यूयॉर्क निवडलं आणि पहिल्याच फेरीत केंटकीकडून ३८-४६ असा मार खाल्ला.

एवढ्यात आर्कान्सा विद्यापीठाच्या संघाला रस्त्यात मोटार अपघात झाला, खेळाडू जायबंदी झाले, त्यांना एनसीएएमधून माघार घ्यावी लागली. रिकाम्या जागेवर युटाला बोलावणं आलं. कॅन्सस सिटीत त्यांनी मिसुरी आणि आयोवा स्टेट यांना हरवलं आणि अंतिम सामन्यासाठी परत त्याच गार्डनमध्ये आले. २८ मार्च १९४४. समोर डार्टमथ. शेवटच्या क्षणी डार्टमथच्या डिक मॅग्वायरने लांबून चेंडू टाकून बरोबरी साधली. या मॅग्वायरला वाचकांनी लक्षात ठेवावं. अतिरिक्त वेळेत हर्ब विल्किन्सनचा चेंडू कडीवर नाचून आत पडला आणि युटा ४२-४० असं जिंकलं. दोन दिवसांनी रेड क्रॉसच्या मदतीसाठी झालेल्या सामन्यात त्यांनी एनआयटी विजेत्या सेंट जॉन्सलाही ४३-३६ असं हरवलं. सर्वोत्तम खेळाडू आर्नी फेरिन ठरला, अंतिम सामन्यात त्याचे २२ गुण होते. मिसाकाचं नाव ठळक अक्षरांत कुठेच येत नाही. मात्र गार्डनचे प्रेक्षक या बुटक्या, सतत धावणाऱ्या मुलाच्या बाजूने ओरडत होते. जपानशी युद्ध ऐन भरात असतानाची ही गोष्ट आहे.

विजयी संघ आगगाडीने घरी परतला. स्टेशनवर स्वागताला आलेल्या गर्दीत मिसाकाची आईही होती, आणि तिच्या हातात त्याचं सैन्यभरतीचं पत्र होतं.

सैन्यातली दोन वर्षं इथे लांबवत नाही, पण त्यातला एक मुक्काम टाळता येत नाही. युद्ध संपल्यावर त्याला जपानला धाडण्यात आलं. बॉम्बफेकीचा लोकांच्या मनोधैर्यावर काय परिणाम झाला याची पाहणी अमेरिकी सरकार करत होतं. त्या कामासाठी सार्जंट मिसाका हिरोशिमात फिरून वाचलेल्यांच्या जबान्या घेत होता. आईने ज्या गावी परतायचं म्हटलं होतं, तेच हे गाव. १९४६मध्ये तो परतला, पुन्हा विद्यापीठात नाव घातलं आणि पुन्हा संघात आला.

आता १९४७ची एनआयटी. युटाने ड्युकेनला एका गुणाने आणि वेस्ट व्हर्जिनियाला दोन गुणांनी हरवलं. अंतिम सामन्यात गाठ पडली अडॉल्फ रप यांच्या केंटकीशी. केंटकी गतविजेते, हंगामात ३४ सामने जिंकलेले आणि फक्त दोन हरलेले. त्यांचा गार्ड राल्फ बिअर्ड हा देशातल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक, पुढच्याच वर्षी ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवणारा. त्याला अडवायचं काम मिसाकाकडे आलं. २४ मार्च १९४७ रोजी युटा ४९-४५ असं जिंकलं. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून पारितोषिक मिळालं युटाच्या व्हर्न गार्डनरला. आणि बिअर्डच्या नावापुढे आकडा होता १. एक फ्री थ्रो. चाळीस मिनिटांत एकही बास्केट नाही.

नोकरी सांभाळून वीस वर्षं मी जिल्हा पातळीवरच्या स्पर्धांत स्कोअररच्या टेबलावर बसलो आहे. स्कोअरशीट भरणाऱ्याला एक गोष्ट लवकर कळते. कागदावर चेंडू आत गेला तरच खूण होते. समोरच्याचा पास कोणी तोडला, त्याला हव्या त्या जागी कोणी पोचूच दिलं नाही, त्याला चिडवून चुकीचा नेम कोणी धरायला लावला, यासाठी रकाना नसतो. एनबीएनेदेखील हिसकावलेल्या चेंडूंची अधिकृत मोजणी १९७३-७४पासून सुरू केली. त्यामुळे मिसाकाच्या आयुष्यातली सर्वांत मोठी कामगिरी वाचायची तर बिअर्डच्या ओळीत वाचावी लागते. 'पॉइंट गार्ड' हा शब्दही तेव्हा रूढ नव्हता, नुसते गार्ड म्हणत. उंच मुलांकडे चेंडू पोचवायचा आणि समोरच्या उंच मुलांकडे पोचू द्यायचा नाही, हे त्यांचं काम.

इथे शंकेखोर वाचक एक मुद्दा काढील. हाच बिअर्ड १९५१मध्ये सट्टेबाजांकडून पैसे घेतल्याच्या प्रकरणात अडकला आणि एनबीएतून कायमचा बाद झाला. मग तो एक गुण संशयास्पद नाही का? मला तसं वाटत नाही. प्रकरण गाजलं ते १९४९च्या एनआयटीतल्या पराभवावरून. शिवाय आपण पैसे घेतले, पण मुद्दाम खराब खेळलो नाही, हेच बिअर्ड शेवटपर्यंत सांगत राहिला. १९४७चं श्रेय मिसाकाकडून काढून घ्यायला काही आधार नाही.

निक्सचे संस्थापक नेड आयरिश यांचा सारा धंदाच गार्डनमध्ये सामने भरवण्याचा होता. त्याच वर्षीच्या खेळाडू निवडीत त्यांनी मिसाकाला घेतलं. एप्रिलमध्ये जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनकडून बेसबॉल खेळायला उतरला होता आणि सारा देश त्याच्याकडे पाहत होता. नोव्हेंबरमध्ये मिसाका निक्सकडून उतरला, तेव्हा त्याची कोणी इतिहास म्हणून दखल घेतली नाही. लीगच नवखी होती, आणि गोऱ्या-काळ्यांच्या हिशेबात जपानी माणूस कुठे धरायचा हेच ठरलेलं नव्हतं. तीन सामने झाले आणि महिना संपायच्या आत त्याला संघातून कमी केलं.

का? हा प्रश्न त्याला आयुष्यभर विचारला गेला. वंशद्वेष हे उत्तर सोपं आहे आणि आजच्या वाचकाला ते हवंही असतं. मी ते देणार नाही, निदान एवढ्या पुराव्यावर नाही. स्वतः मिसाकाने तसा आरोप केला नाही. बास्केटबॉलची कारणं समोर दिसतात. जो लॅपचिक तेव्हा नव्याने प्रशिक्षक झालेले. त्यांच्याकडे गार्ड भरपूर होते आणि नवख्यांमध्ये कार्ल ब्राऊन होता, ६ फूट ५ इंचांचा गार्ड, ज्याने ६ डिसेंबर १९४७ रोजी एकाच सामन्यात ४७ गुण काढले. खेळ उंच माणसांकडे झुकत होता. कॉलेज बास्केटबॉलमध्ये मायकन आणि कर्लंड या धिप्पाड खेळाडूंमुळे बास्केटमध्ये उतरणारा चेंडू अडवण्याला बंदी घालावी लागली, ती याच दशकात. हे सगळं मान्य. पण तेरांत तीन नेम हे कारण कोणी पुढे केलं, तर ते मला पटत नाही. त्या हंगामात अख्ख्या लीगचा नेम शेकडा तीसच्याही खाली होता, आणि बचावासाठी घेतलेला माणूस तीन सामन्यांतल्या बास्केटांवर तोलायचा नसतो. संघात फारशी कोणाशी त्याची घसट झाली नाही. त्यातल्या त्यात ब्राऊनशी जमलं. हॉटेलच्या खोलीत एकट्या पडलेल्या नवख्याला दोन-तीन सामने जास्त मिळायला कोण तोंड उघडणार? द्वेष नसतानाही माणूस वगळला जाऊ शकतो. पक्ष घेणारं कोणी नसलं की पुरतं.

परतीच्या वाटेवर हार्लेम ग्लोबट्रॉटर्सचे चालक एब सेपरस्टीन यांनी त्याला आपल्या संघात ये म्हटलं. तो नको म्हणाला आणि पदवी पुरी करायला युटाला गेला. १९४८मध्ये यांत्रिक अभियंता झाला, पुढे सॉल्ट लेक सिटीत स्पेरी कंपनीत नोकरी केली, लग्न केलं, बोलिंगमध्ये नाव कमावलं. १९५०मध्ये चक कूपर, अर्ल लॉइड आणि नॅट क्लिफ्टन हे कृष्णवर्णीय खेळाडू एनबीएत आले. वंशभेदाची भिंत पडली ती तेव्हा, असंच दीर्घकाळ लिहिलं गेलं. मिसाकाची आठवण लोकांना व्हायला २००८चा एक माहितीपट यावा लागला. २०१२मध्ये जेरेमी लिन हा तैवानी वंशाचा, निवडीत कोणीच न घेतलेला गार्ड निक्सकडून खेळताना अचानक जगभर गाजला, तेव्हा पत्रकार सॉल्ट लेक सिटीला धावले. म्हातारा त्याआधीच लिनला पत्र लिहून मोकळा झाला होता.

मिसाका २० नोव्हेंबर २०१९ रोजी गेला, ९५ वर्षांचा होऊन. युटा विद्यापीठाने २०२२मध्ये त्याचा २० क्रमांक निवृत्त केला. निक्सकडून खेळताना त्याचा क्रमांक १५ होता. आज मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या छताला निक्सचे दोन १५ टांगलेले आहेत. एक अर्ल मन्रोचा. दुसरा, मिसाकाला कमी केल्यावर दोन वर्षांनी निक्सने घेतलेल्या आणि पहिल्याच हंगामात लीगमध्ये सर्वाधिक असिस्ट देणाऱ्या गार्डचा, डिक मॅग्वायरचा.