दफ्तराची किल्ली आणि इतिहासाची चर्चा

एखाद्या समाजात भूतकाळाविषयी कोणते वाद रंगतात, हे त्याच्या जिज्ञासेइतकेच दफ्तराची किल्ली कोणाच्या हाती आहे यावरही अवलंबून असते. मराठ्यांच्या इतिहासाविषयीच्या चर्चेत ही गोष्ट विशेष स्पष्टपणे दिसते.

1818 साली पेशवाई संपली आणि पुण्याचे दफ्तर कंपनी सरकारकडे गेले. ते जपले गेले ते इतिहासासाठी नव्हे, तर इनामे व वतने यांचे हक्क तपासण्यासाठी. याच कागदांच्या बळावर कोणी सरकारवरच दावा सांगेल, या भीतीने अभ्यासकांना त्याची दारे दीर्घकाळ बंद राहिली. साहजिकच वासुदेवशास्त्री खरे, राजवाडे, पारसनीस हे खासगी घराण्यांच्या संग्रहांकडे वळले. राजवाड्यांनी 1898 साली प्रसिद्ध केलेला ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड वाईस सापडलेल्या कागदांवर उभा आहे, पारसनीसांनी दिल्ली दरबारातील मराठ्यांच्या वकिलांची पत्रे उजेडात आणली. या संशोधनाचे मोल मोठे आहे. तथापि मोहिमा, तह, सरदारांची जबाबदारी हेच वादाचे विषय झाले, कारण ज्या घरांत लेखणी होती त्यांचेच कागद हाती आले. कुणबी, बलुतेदार, स्त्रिया यांच्या खुणा महसुलाच्या व निवाड्यांच्या कागदांत होत्या आणि त्यांतील मोठा भाग सरकारी कुलपात होता.

पुढे मुंबई सरकारने गो. स. सरदेसाई यांच्याकडे निवडीचे काम सोपविले. 1930 ते 1934 या काळात ‘पेशवे दफ्तरातून निवडलेले कागद’ 45 भागांत प्रसिद्ध झाले. निवडीचा अधिकार एका संपादकाकडे जावा, हे पुण्यातील अनेक अभ्यासकांना खटकले. हा केवळ मानापमानाचा प्रश्न नव्हता. निवड हीही एक सत्ताच असते. छापलेल्या कागदावर वाद होतो, रुमालात राहिलेल्या कागदाविषयी प्रश्नही उठत नाही. हिरोशी फुकाझावा यांच्यासारख्या अभ्यासकांनी पुढे पेशवे दफ्तरातील साधनांतून गावगाडा व जातिव्यवस्था यांचा शोध घेतला, तेव्हा त्या मौनाची व्याप्ती ध्यानात आली.

दिल्लीतही हाच प्रश्न होता. 1891 साली कोलकात्यात स्थापन झालेले इम्पिरियल रेकॉर्ड खाते 1926 मध्ये नव्या राजधानीतील वास्तूत आले. मराठ्यांच्या राज्यव्यवस्थेचे अभ्यासक सुरेंद्रनाथ सेन 1939 साली त्याचे प्रमुख झाले. त्यांच्या कारकिर्दीत अभ्यासकांना तेथील जुनी कागदपत्रे मोकळी होत गेली. 1947 नंतर तेच राष्ट्रीय अभिलेखागार झाले. 1993 च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याने जपणुकीची जबाबदारी निश्चित केली. मात्र गोपनीय काय, हे ठरविण्याचा अधिकार शासनाकडेच राहिला.

आज कागदांच्या प्रतिमा घरबसल्या पाहता येतात. परंतु पेशवे दफ्तराचे मराठी कागद मोडीत आहेत आणि मोडी जाणणारे थोडे. कुलूप निघाले तरी लिपीचा अडसर उरतोच. तो दूर होईपर्यंत चर्चा सर्वांची आणि पुरावा मोजक्यांचा, ही स्थिती कायम राहील.